उंदराला मिळालेलं औषध

उंदराला फिट येते तेव्हा तो आधी एकदम थांबतो. खात असला तर दाणा पुढच्या दोन पायांत तसाच राहतो. मग शेपूट ताठ वर होते, पुढचे पाय टाळ्या वाजवल्यासारखे हलू लागतात आणि तो कुशीवर पडतो. पडल्यावरही पाय पळतच असतात. थोड्या वेळाने सगळं शांत होतं. तो उठतो, आपण कुठे आहोत हे न कळल्यासारखा बसून राहतो आणि मग दोन्ही पंजांनी तोंड पुसायला लागतो. कधीकधी उठत नाही.

हे बघणं हा माझा व्यवसाय होता. कोल्हापूरच्या बाहेर, उसाच्या मळ्यांना लागून असलेल्या एका छोट्या संशोधन केंद्रात मी निवृत्त होईपर्यंत काम केलं. शिक्षण प्राणीशास्त्राचं आणि काम उंदरांचं. लग्नकार्यात कुणी विचारलं, "मॅडम, तुम्ही कुठं असता?" की मी "संशोधनात" म्हणून थांबायची. कारण पुढे गेलं की हमखास, "आम्ही घरात पिंजरा लावतोय आणि तुम्ही पाळताय व्हय?" शिरोळकडच्या एका शेतकऱ्याने तर कुठूनसा नंबर मिळवून फोन केला होता. "उसात उंदरं लई झाल्यात. तुमच्याकडं काय तर औषध असणारच की." मी म्हटलं, "आमच्याकडे उंदराला जगवायचं औषध शोधतात." मग त्याने विचारलं, "कशापायी?"

त्याला मी फोनवर नीट सांगू शकले नाही. आता सांगते.

मेंदूत ढोबळमानाने दोन प्रकारच्या पेशी असतात. एक हाकारे घालणाऱ्या, दुसऱ्या त्यांना गप्प बसवणाऱ्या. दोघींचं जमलं की माणूस चालतो, बोलतो, झोपतो. गप्प बसवणाऱ्या कमजोर पडल्या की सगळा मेंदू एकाच वेळी ओरडायला लागतो. ती फिट. काही मुलांमध्ये जन्मतःच एका जनुकात चूक असते आणि नेमक्या या गप्प बसवणाऱ्या पेशी दुबळ्या निघतात. तान्हेपणी तापाबरोबर पहिली फिट येते आणि मग येतच राहते. पुढे चालणं, बोलणं, शिकणं सगळंच मागे पडतं. तीच चूक उंदराच्या जनुकात करता येते. अशी चूक घेऊन जन्मलेल्या उंदरांची आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पैदास होती. अंग तापलं की मुलांना फिट येते, तशी त्यांनाही यायची. आम्ही दिव्याखाली त्यांचं अंग हळूहळू तापवायचो आणि कितव्या अंशाला फिट येते ते बघायचो. नवं औषध दिलं तर तो अंश वर सरकतो का ते बघायचो. फिट आली की लगेच गार करायचो. नियम होते, तपासणारी समिती होती, सगळं रीतसर होतं. तरी त्या दिव्याचं बटण दाबताना माझा हात कधी सरावला नाही.

एक गोष्ट मात्र मला शेवटपर्यंत कोड्यात टाकत आली. तीच चूक उंदरांच्या एका कुळात घातली तर निम्मी पिल्लं महिन्या-दीड महिन्यात मरायची. दुसऱ्या कुळात घातली तर उंदीर म्हातारे होऊन मरायचे, फिट क्वचित. चूक एकच, अक्षरही वेगळं नाही. दुसऱ्या कुळात काहीतरी होतं जे त्यांना सांभाळत होतं. ते काय, हे शोधावं म्हणून मी या कामात राहिले. शोधून झालं नाही.

उंदीरघरात माझ्याबरोबर शिवगोंडाअण्णा असायचे. पिंजरे धुणं, भाताचं तूस बदलणं, खाणं-पाणी, सगळं त्यांच्याकडे. सीमेकडच्या गावचे लिंगायत, घरी कानडी, त्यामुळे मला मॅडम न म्हणता अक्का म्हणायचे. मे महिन्यातल्या एका दुपारी वीज गेली, जनरेटर सुरू होईना आणि उंदीरघर तापायला लागलं. एकेका पिंजऱ्यात फिट सुरू झाल्या. अण्णा मोटारसायकलवर गेले आणि बर्फाच्या कारखान्यातून गोणपाटात गुंडाळलेल्या लाद्या घेऊन आले. आम्ही दोघांनी त्या पिंजऱ्यांच्या मांडण्यांमधून रचल्या, पुठ्ठ्याने वारा घातला. बरीच पिल्लं वाचली, काही गेली. संध्याकाळी अण्णा ओल्या फरशीवर बसून म्हणाले, "अक्का, आपण यांस्नी आजारी पाडतो आणि आपणच वारा घालतो." मला हसू आलं नाही.

ईश्वरीच्या घरच्यांची गाठ पडली ती त्याच उन्हाळ्यात.

कोल्हापुरात, राजारामपुरीत, मुलांच्या फिटची डॉक्टर आहे, अनघा, माझी जुनी मैत्रीण. तिचा फोन आला. "एक कुटुंब पाठवतेय. इचलकरंजीचे आहेत. मुलीचा जनुकाचा रिपोर्ट आलाय, तुझ्या उंदरांचीच चूक निघाली. मी समजावलं, पण बाप म्हणतो, उंदीर बघितल्याशिवाय पटायचं नाही."

मारुती यंत्रमागावर काम करायचा. मागाच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे साधं बोलतानाही ओरडून बोलायचा. त्याची बायको सुरेखा घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. मुलगी ईश्वरी पाच वर्षांची, आईच्या कडेवर. वयाच्या मानाने मोठ्या मुलीला कडेवर घेतलेलं बघितलं की मला न विचारता कळायचं.

"मॅडम, माझ्या पोरीचा उंदीर दाखवा," मारुती म्हणाला.

बाहेरच्या माणसाला उंदीरघरात नेता येत नाही. बाहेरचा एखादा जंतू आत गेला तर सगळी पैदास जाते. मी त्यांना काचेच्या खिडकीशी उभं केलं आणि पडद्यावर आम्ही केलेलं चित्रण दाखवलं. पिल्लू थांबलं, शेपूट ताठ झाली, कुशीवर पडलं. मारुती पडद्याला नाक लागेल इतका जवळ गेला.

"असंच," तो म्हणाला. आणि पहिल्यांदा हळू बोलला. "अगदी असंच करती की ही."

मग त्याने सगळं सांगितलं. सहा महिन्यांची असताना ताप आला आणि पहिला झटका. तेव्हापासून किती दवाखाने केले. एका ठिकाणी फिटच्या गोळ्या चालू केल्या, झटके वाढले. डॉक्टरांनी गोळी वाढवली, झटके आणखी वाढले. वाडीला दत्ताच्या दारात नेऊन बसवलं. त्याची आई म्हणत होती, हे सुरेखाच्या माहेरचं आहे, तिच्या मावशीचा पोरगा असाच होता. सुरेखा हे सगळं ऐकत खाली बघून उभी होती.

गोळ्यांचं कारण मला माहीत होतं, अनघालाही. फिटची ती नेहमीची गोळी सगळ्याच पेशींना थकवते. इतर रुग्णांना त्याने बरं वाटतं. पण इथे गप्प बसवणाऱ्या पेशी आधीच दुबळ्या. गोळीने त्याच पहिल्यांदा बसतात. जगात हे कळलेलं होतं, उंदरांतही दिसलेलं होतं. पण ईश्वरीला कोणती फिट आहे हे तपासणी झाल्याशिवाय कळणार कसं, आणि तपासणी सुचवायला जवळजवळ पाच वर्षं गेली. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. ते पुस्तकाप्रमाणे वागत होते. पण ती पाच वर्षं म्हणजेच मेंदूच्या वाढीची वर्षं. अनघाने गोळी हळूहळू बंद केली, दुसरी दिली. झटके निम्म्याहून कमी झाले. गेलेली वर्षं मात्र परत आली नाहीत.

"आणि आईबापांचंही रक्त तपासलंय," मी त्या दिवशी म्हटलं. "ही चूक तुमच्यातही नाही, यांच्यातही नाही. ईश्वरीमध्येच नव्याने झाली. कुणाच्या माहेरची नाही."

मारुतीने बायकोकडे बघितलं. सुरेखाने पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. त्याने पुढे होऊन तिच्या कडेवरची पोर आपल्याकडे घेतली, एवढंच.

निघताना सुरेखा मागे राहिली. मला म्हणाली, "बाई, एक इचारू? त्या पिल्लाला झटका येतो तवा त्याची आई काय करती?"

मी एवढी वर्षं हे काम करत होते. झटका किती सेकंद, कोणत्या पायापासून, किती अंशाला, सगळं सांगू शकले असते. हे नाही. कारण पिल्लं तीन आठवड्यांची झाली की आम्ही त्यांना आईपासून वेगळं करतो. सगळीकडे तीच पद्धत आहे. आणि झटके सुरू होतात तेही त्याच सुमाराला.

"तेव्हा आई जवळ नसते," मी म्हटलं. "आम्ही काढून घेतो."

तिने मान हलवली. रागावली नाही. "बरं," म्हणाली आणि गेली.

ती गेल्यावर मी एका आईची पिल्लं तशीच तिच्याजवळ राहू दिली आणि कॅमेरा लावला. एक दिवस एक पिल्लू पडलं. आई खाणं सोडून आली, त्याला सगळीकडून हुंगलं. एकदा मानेला धरून ओढायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग त्याला चिकटून बसली आणि ते उठेपर्यंत हलली नाही. एका आईवरून शास्त्रात काही सिद्ध होत नाही, दुसरी कदाचित खात बसली असती. तरी मी सुरेखाला फोन करून सांगितलं.

"व्हय," ती म्हणाली. "आनी काय करनार."

पुढची दोन-तीन वर्षं बरी गेली. ईश्वरी चालायला लागली, थोडी वाकून, गुडघ्यात दुमडून. आई, पाणी, नको, असे मोजके शब्द आले. मारुतीने घराच्या पत्र्यावर उसाचं पाचट टाकलं आणि उन्हाळ्यात पोरीला दुपारी बाहेर काढणं बंद केलं. अधूनमधून फोन करायचा. "मॅडम, तुमची उंदरं बरी हायत न्हवं?" मी म्हणायची, "बरी आहेत." खरं म्हणजे बरी नसणं हेच त्यांचं काम होतं.

मग परदेशातल्या एका कंपनीने आमच्याकडे एक नवं औषध तपासायला पाठवलं. पांढरी पूड, नावाच्या जागी नुसता आकडा. ते सगळ्या पेशींना थकवत नव्हतं. गप्प बसवणाऱ्या दुबळ्या पेशींनाच हात देत होतं. ज्या कुळातली निम्मी पिल्लं मरायची, त्या कुळातली पिल्लं जगायला लागली. मी हे पुन्हा करून बघितलं, कुणाला औषध दिलं आणि कुणाला साधी पूड हे स्वतःपासून लपवून बघितलं. तेच. अण्णा पिंजरे बदलताना म्हणाले, "अक्का, या खोलीतलं मेलेलं काढायचं कामच राहिलं न्हाय."

इतकं चांगलं काम माझ्या हातून त्याआधी झालं नव्हतं. त्यानंतरही नाही.

एका महाविद्यालयात मी त्यावर साधं भाषण दिलं. तिथे कुणी वार्ताहर बसले होते. दुसऱ्या दिवशी छापून आलं, फिटवर औषध सापडलं, कोल्हापूरच्या संशोधिकेचं यश. माझ्या नावावर, मी न बोललेली वाक्यं.

त्याच दिवशी मारुती केंद्राच्या फाटकात उभा होता. पाळी सोडून आला होता, अंगावर सुताची कुसं तशीच. हातात वर्तमानपत्र.

"मॅडम, हे खरं हाय?"

"उंदरात खरं आहे."

"मग द्या की."

मी त्याला आत आणलं, पाणी दिलं, समजावलं. उंदराचं औषध माणसाला द्यायला मध्ये खूप टप्पे असतात. उंदीर दोन महिने बघितला, माणूस पन्नास वर्षं जगायचा असतो. यकृत बिघडेल, मूत्रपिंड बिघडेल, झटके थांबतील आणि श्वास थांबेल. मी माणसांची डॉक्टर नाही. हे देणं गुन्हा आहे. सगळं बरोबर होतं. आजही त्यातलं एक वाक्य मला चुकीचं वाटत नाही.

तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, "गेल्या आठवड्यात झोपेत झटका आला. सकाळी सुरेखानं बघितलं तर ओठ निळे. वाचली. पुढच्या वेळेला न्हाय वाचली तर? अनघा डॉक्टरच म्हणाल्यात, असं झोपेत जात्यात."

"जातात," मी म्हटलं. खोटं बोलता आलं नाही.

"तुमच्या उंदरास्नी आजारी पाडायचं, मग औषध द्यायचं. माझी पोर आधीच आजारी हाय. तिला तेवढं न्हाय." त्याचा आवाज मागावरच्यासारखा चढला. बाहेरून दोन-तीन माणसं डोकावली. "उंदराला मिळतंय औषध. माणसाच्या पोरीला न्हाय. हे कसलं हो तुमचं शास्त्र?"

"मारुती, माझ्या हातात नाही."

"हातातच हाय की. त्या खोलीत हाय."

खरंच होतं. भिंतीपलीकडच्या शीतकपाटात, लहानशा बाटलीत. आम्ही दोघेही एक क्षण त्या भिंतीकडे बघत राहिलो. मी नाही म्हटलं. तो वर्तमानपत्र टेबलावर ठेवून निघून गेला. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. मी केला तर उचलला नाही.

पुढच्या वर्षी ती परदेशी कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीने घेतली. नव्या मालकांना फिटच्या औषधांत रस नव्हता. पूड यायची बंद झाली. दोन ओळींचा निरोप आला, आभार मानलेले होते. औषध दीर्घकाळ दिलं तर काय होतं, हा आमचा पुढचा टप्पा होता. तो झालाच नाही. ते औषध चांगलं होतं की सावकाश मारणारं विष होतं, हे कुणालाच कळलं नाही. मारुतीला नाही म्हटल्याचा मला पस्तावा नाही. आपण नेमकं काय नाकारलं हेच कधी कळणार नाही, याचा आहे.

काम थांबलं, तसं केंद्रालाही उंदीरघर परवडेना. दोन्ही कुळांची पैदास बंद करायचं ठरलं. गर्भ गोठवून ठेवावेत म्हणून मी दोन-चार ठिकाणी विचारलं. असे उंदीर परदेशात विकत मिळतात, असं उत्तर आलं. ते खरंही होतं. पण आमचे उंदीर इथल्या पाण्यावर, इथल्या उन्हाळ्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले होते. त्यांच्यात काय वेगळं झालं होतं, ते बघायचं राहून गेलं.

आमच्या भाषेत याला "संपवणं" म्हणत नाहीत, "झोपवणं" म्हणतात. पेटीत उंदीर ठेवायचे, हळूहळू वायू सोडायचा. ते मी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. दुसऱ्या कुळातले म्हातारे उंदीर, ज्यांना काहीतरी सांभाळत होतं, तेही त्यात होते. अण्णा खोलीत आले नाहीत. मी बाहेर आले तेव्हा ते मोरीवर रिकामे पिंजरे घासत होते, नेहमीसारखे, साबण लावून, उन्हात पालथे घालून. पिंजरे भंगारात जायचे होते हे त्यांनाही ठाऊक होतं. थोडा वेळ त्यांच्या शेजारी बसून मीही पिंजरे घासले.

निवृत्त झाल्यावर वर्षभर मी काही केलं नाही. मग एकदा अनघाकडे गेले असताना तिने आपणहून सांगितलं, ईश्वरी आहे. पंधरा वर्षांची झाली. मी न कळवता इचलकरंजीची बस पकडली. कळवलं असतं तर नको म्हणाले असते, अशी भीती होती.

गल्लीत शिरताच दोन्ही बाजूंनी मागांचा आवाज. सुरेखा उंबऱ्याशी कांड्या भरत होती. मला ओळखायला तिला क्षणभर लागला. "या बाई," म्हणाली, जणू मी कालच येऊन गेले होते. आत ईश्वरी खाटेवर बसली होती. उंच झाली होती, केस आखूड कापलेले. पडून लागू नये म्हणून खाटेभोवती जुन्या गाद्या अंथरलेल्या.

मारुती दुपारच्या पाळीला निघायच्या तयारीत होता. केस पांढरे झालेले. मला बघून थांबला. बसा म्हणाला नाही, जाही म्हणाला नाही.

"त्या औषधाचं काय झालं?" त्याने विचारलं.

"बंद पडलं."

"वाईट निघालं?"

"माहीत नाही. पुढे बघितलंच नाही कुणी."

तो दारातच उभा राहिला. बाहेर माग चालूच होते. मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"म्हंजे तुमास्नी बी न्हाय कळलं," तो म्हणाला.

"नाही."

त्याने पायात चप्पल सरकवली. "च्या घेऊन जावा," म्हणाला आणि पाळीला गेला.

चहा झाला. सुरेखा कमी बोलली. झटके अजून येतात, रात्री ती पोरीच्या छातीवर हात ठेवून झोपते, एवढं सांगितलं. मी उठले तशी ईश्वरीही उठली. "सोडायला येती म्हनती," सुरेखा म्हणाली. ईश्वरी काहीच म्हणाली नव्हती. तिने माझं बोट धरलं होतं.

आम्ही तिघी गल्लीच्या तोंडापर्यंत आलो, ईश्वरीच्या चालीने, एकेक पाऊल टाकत. समोर कोल्हापूरची बस येऊन थांबली. वाहकाने हाक मारली. मी बोट सोडवून घ्यायला लागले, तर तिने ते दुसऱ्या हातानेही धरलं आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "नको."

"सोड गं, बाईस्नी गाडी हाय," सुरेखा म्हणाली.

"राहू दे," मी म्हटलं.

वाहकाने आणखी एकदा हाक मारली, मग घंटी दिली. बस गेली. ईश्वरी तशीच धरून उभी होती, आणि मी उभी होते.